कारण : नैसर्गिक

मासा मेला की आमच्याकडे त्याची नोंद व्हायची. जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडी पाठीची वही होती. पानांवर नंबर छापलेले आणि प्रत्येक पानावर संस्थेचा शिक्का. वरच्या चिठ्ठीवर ‘मृत्यू नोंदवही’ असं लिहिलेलं असलं तरी सगळे तिला मयत वही म्हणत. तीन रकाने: कोण मेला, कधी मेला, का मेला. नोकरीला लागले त्या दिवशी मी ती वही मागून घेतली आणि मागची पानं चाळली. पहिले दोन रकाने बदलत होते, तिसरा बदलत नव्हता. नैसर्गिक, नैसर्गिक, नैसर्गिक. पंप बंद पडून एकाच दिवशी अकरा एंजल मासे मेले तेही नैसर्गिक, आणि कुणा पाहुण्याच्या लाडक्या मुलाने टाकीत टाकलेले वेफर खाऊन फुगून मेलेला गोल्डफिशही नैसर्गिक. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, कल्याणच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, आणि जगातला खोटेपणा आपण येईपर्यंतच काय तो टिकून आहे अशी माझी पक्की समजूत होती. आज त्या समजुतीचं हसू येतं, लाज मात्र वाटत नाही. तेवढी घमेंड नसती तर मी त्या दारातून आतच गेले नसते.

ठाण्यात तलावाजवळ एका खासगी संस्थेचं ते मत्स्यालय होतं. अठ्ठावीस टाक्या, सहा कामगार, एक तिकीटवाला, आणि त्या सहा जणांवर मी पर्यवेक्षिका. सहाही पुरुष, सहाही माझ्यापेक्षा मोठे. लोक विचारायचे, अजूनही विचारतात, की मासे सांभाळायला पर्यवेक्षिका कशाला लागते? पाणी घालायचं, खायला टाकायचं, झालं. त्यांना मी सांगते की बाळंतिणीच्या खोलीतही तेवढंच करायचं असतं, करून बघा. सकाळी सातला आम्ही कोळंबी सोलून बारीक चिरायचो, पालक उकळत्या पाण्यातून काढायचो, मग टाकीटाकीपुढे उभं राहून कोण खातंय आणि कोण तोंड फिरवतंय ते बघायचो. जो मासा आज खात नाही तो परवा आजारी असतो. भिंतीमागे पंपांची घरघर आणि हवेच्या बुडबुड्यांचा आवाज अखंड चालू असायचा. तो इतका अंगात मुरला होता की रविवारी घरी शांत बसलं तर चुकल्यासारखं व्हायचं. प्रत्येक टाकीवरच्या पाट्याही मीच लिहायचे. आपल्याकडची माणसं मासा बघायला आली की पहिला प्रश्न विचारतात, ‘किती किलोचा असेल?’ आणि दुसरा, ‘चवीला कसा?’ शेवटी वैतागून मी मोठ्या टाकीवर पाटी लावली: ‘हा चवीला कसा लागतो ते आम्हाला माहीत नाही. आम्ही त्याला नावाने ओळखतो.’ सचिवांना ती उद्धट वाटली. मी काढली नाही.

घर आंबिवलीला होतं, दोन खोल्यांचं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली कपाटात आप्पांची वर्तमानपत्रातली कात्रणं. आप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर युनियनच्या सभांत सगळ्यांत पुढे बसून प्रश्न विचारणारा माणूस, त्यामुळे सेवाकाळात बढती एकच मिळाली आणि तीही चुकून, असं ते स्वतःच सांगायचे. आई शाळेत गेली नव्हती. तिला माझ्या नोकरीतली एकच गोष्ट कळत नव्हती. एकदा तव्यावर सुके बोंबील भाजता भाजता तिने विचारलं, ‘ते मेल्यावर काय करता गं त्यांचं?’

‘पुरतो. मागच्या बागेत.’

‘पुरता?’ तिचा हात थांबला. ‘एवढे एवढे मासे? आणि कुणी काही बोलत नाही?’

आमच्या घरी आठवड्यातून चार दिवस मासळी असायची, ओली परवडली नाही तर सुकी. वांग्यात सुकट, भाजलेल्या बोंबलाची लसूण घालून ठेचलेली चटणी, आणि तांदळाची भाकरी. भाकरी थापण्याचा आवाज जिन्यात यायचा आणि त्यावरून मला कळायचं की आज आईचा मूड कसा आहे. दिवसभर ज्यांची उठबस करायची त्यांच्याच भाऊबंदांवर संध्याकाळी ताव मारायचा, यात मला कधी काही विचित्र वाटलं नाही. शेळी पाळणारी माणसं मटण खातातच की.

आता हिरामण काकांबद्दल. हिरामण म्हात्रे, खाडीकाठच्या गावातले आगरी, वाडवडील मिठागरात खपलेले. बावीस वर्षं त्या मत्स्यालयात होते, म्हणजे मी शाळेत दप्तर घेऊन जायच्या आधीपासून. टाकीतल्या पाण्यात बोट बुडवून ते नाकाशी न्यायचे आणि सांगायचे, ‘पानी थकलंय.’ मी मागाहून परीक्षानळीत थेंब टाकून तपासलं की ते खरं निघायचं. प्रत्येक मोठ्या टाकीमागे गाळणीचा एक हौद असे. त्यात मुठीएवढे सच्छिद्र दगड रचलेले असत आणि टाकीचं पाणी त्यांतून फिरत राही. त्या दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर चढलेला असतो. बघणाऱ्याला ती घाण वाटते. खरं तर ते जिवाणू असतात आणि माशांची घाण खाऊन पाणी राखण्याचं काम तेच करतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काकांनी कुठेच वाचलं नव्हतं, पण दगडांना ते कधी नळाचं पाणी लावू देत नसत. अगदीच चोंदले तर त्याच टाकीचं बादलीभर पाणी काढायचं आणि त्यात दोनदा हलकेच हिसळायचे, बस. नवीन पाणी लागलं तर तेही गच्चीवरच्या टाकीत दोन दिवस ठेवून क्लोरीन उडालेलं. त्याला आम्ही शिळं पाणी म्हणायचो. घरी शिळं म्हटलं की नाक मुरडणारी मी, तिथे शिळ्या पाण्यासाठी भांडायचे.

मोठ्या टाकीत गोरामी जातीचा एक मासा होता, माझ्या हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, चांगला जुना. काचेला तोंड लावून तो समोरच्या पोरांकडे असा बघायचा की पोरं आपोआप रांगेत उभी राहायची. म्हणून त्याचं नाव मास्तर. केळं सोलून धरलं की हातातून खायचा. शाळांच्या सहली त्याच्यासाठी यायच्या. माझ्या पाटीवरचं ‘नावाने ओळखतो’ हे त्याच्याबद्दलच होतं.

संस्थेच्या वर्धापनदिनाला कुणी मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी दुपारी सचिव पाहणीला आले. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, स्वच्छतेचा भोक्ता होता. त्यांच्या दुकानात म्हणे काउंटरवर बोट फिरवून धूळ बघायचे. समोरच्या काचा त्यांना आवडल्या. मग ते मागे गेले आणि मोठ्या टाकीच्या गाळणीचं झाकण उचललं.

‘अरे अरे अरे! हे काय आहे? गटार आहे का हे? पाहुणे मागची यंत्रणा बघणार आहेत, त्यांना हे दाखवणार? ब्लीचिंग आणा आणि हे दगड पांढरेशुभ्र करा आजच्या आज.’

हिरामण काका म्हणाले, ‘सायेब, दगड नाय धुवायचे. वरची जाली धुतो. दगड धुतले तं मासं जातील.’

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, ‘इथे पर्यवेक्षिका कोण आहे? तुम्ही, का हा?’ आणि हसले. त्यांच्यासोबत आलेले दोघे हसले. आमच्यातलाही एक जण हसला.

ते ‘का हा’ मला लागायला हवं होतं काकांसाठी. लागलं स्वतःसाठी. पाच महिने मी त्या सहा जणांकडून मॅडम म्हणून घेण्यासाठी झटत होते. कामाचं विचारायचं झालं की ते हिरामणकडे जायचे आणि सहीपुरते माझ्याकडे यायचे. आता चारचौघांत प्रश्न आला होता आणि मला उत्तर द्यायचं होतं. दगड धुतले तर काय होतं हे त्या खोलीत दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातलं एक मी.

मी म्हणाले, ‘धुवा काका.’

 ‘तुमी सांगता म्हनून,’ काका म्हणाले, आणि बाह्या सरसावल्या. पुढे स्वतःची समजूत घालायला मी बरंच काही रचलं: एका टाकीचेच आहेत, नीट विसळून घेऊ, आठवडाभर खाणं कमी देऊ. पण ते दोन शब्द बोलताना यातलं काही डोक्यात नव्हतं. डोक्यात फक्त एवढं होतं की आता तरी यांना कळेल पर्यवेक्षिका कोण आहे. कळलं.

पाहुणे आले, पांढरे दगड बघून खूश झाले, मास्तरला केळं भरवताना त्यांचे फोटो निघाले. भाऊसाहेबांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशीही पाणी आरशासारखं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी चंदेरी शार्क, म्हणजे नावालाच शार्क असलेले गोड्या पाण्यातले वीतभर मासे, वरच्या थराला येऊन तोंडं उघडमिट करायला लागले. काकांनी बोट बुडवून नाकाशी नेलं आणि बादल्या आणायला गेले. मग आम्ही सगळ्यांनी गच्चीवरचं होतं नव्हतं ते शिळं पाणी बादल्यांनी खाली आणलं, दुसऱ्या टाक्यांच्या गाळणीतले दगड उचलून इकडे घातले, तगलेले मासे हलवले. दोन दिवस प्रदर्शन बंद होतं. माझे हात सोलवटले. हिरामण काका त्या दोन दिवसांत एकदाही ‘मी सांगितलं होतं’ म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. एकूण त्रेचाळीस मासे गेले. मास्तर पाण्यावर येऊन हवाही घेऊ शकणाऱ्या जातीचा, म्हणून तो सगळ्यांत शेवटी गेला, त्याच्यासमोर बाकीचे गेल्यावर. मला रडू आलं. कुणी बघेल म्हणून मी ते आवरलं वगैरे नाही, चांगली हुंदके देऊन रडले.

संध्याकाळी भाऊसाहेबांनी ऑफिसात बोलावलं. मयत वही त्यांच्यासमोर होती, पान कोरं.

‘त्रेचाळीस म्हणजे नैसर्गिक लिहून चालणार नाही,’ ते म्हणाले. ‘सोमवारी कार्यकारिणी आहे, वही मागतील. तुम्ही लिहा: कर्मचारी हिरामण म्हात्रे यांनी ब्लीचिंगचा अतिवापर केल्यामुळे. त्याला मग घरी बसवू. वय झालंच आहे त्याचं.’

‘पण त्यांनी तर नको म्हटलं होतं.’

‘ते कुठे लिहिलंय?’ त्यांचा आवाज अगदी मऊ होता. ‘हे बघा, तुमचं कायम होण्याचं पत्र माझ्या टेबलावर आहे. तुम्हाला घेतलं तेव्हा कार्यकारिणीत किती जणांनी नाकं मुरडली होती, ते मलाच माहीत. एक तर मुलगी, त्यात... असो. मी तुमच्या बाजूने उभा राहिलो. आता तुम्ही शहाणपणा दाखवा. उद्या सकाळी लिहून ठेवा.’

घरी आले तर आईने मुद्दाम माझ्यासाठी कोळंबीचं कालवण केलं होतं. मी ताट सरकवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं आप्पा उसळतील. जन्मभर साहेब लोकांशी दोन हात केलेला माणूस. त्यांनी ताट माझ्यापुढे परत सरकवलं आणि म्हणाले, ‘लिहून टाक.’

‘आप्पा?’

‘मी आयुष्यभर भांडलो, मला काय मिळालं ते तू बघितलंस. त्या खुर्चीत आपल्यातलं कुणी आजवर बसलं नव्हतं. तू टिकलीस तर तुझ्यामागे चार पोरी येतील. तू गेलीस तर ते म्हणतील, बघा, घेऊन पाहिलं. तो म्हातारा आज ना उद्या घरी बसणारच आहे.’

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. आजही नाही. माझ्यानंतर त्या खुर्चीत किती वर्षं कुणी मुलगी बसली नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते माझ्या हिशेबाला आहे हेही. पण आई मधेच बोलली. ती चुलीशी पाठमोरी होती, भाकरी उलटत.

‘दगड धुवा असं कोण म्हणालं?’

‘मी.’

‘तोंड तुझं. मग वहीत नाव त्याचं कसं?’ आणि तिने भाकरी माझ्या ताटात टाकली. ‘जेव. कालवण निवतंय.’

मी जेवले, आणि शांतपणे झोपलेही. हे खरं वाटत नाही कुणाला, पण एकदा ठरलं की माझी झोप चांगली लागते.

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको. मला काढलं. कायम होण्याचं पत्र कधी आलं नाही, महिनाअखेर कमी केल्याचं आलं. दोन वर्षं मी टिटवाळ्यात शिकवण्या घेतल्या आणि नातेवाइकांचे उपदेश ऐकले, मग मत्स्यबीज केंद्रात लागले आणि तिथेच मोठी झाले. हिरामण काकांना ते काढू शकले नाहीत. कारण कार्यकारिणीसमोर वहीची पानं जशीच्या तशी गेली, आणि कारण त्यांच्याशिवाय तिथले पंप कुणाला कळत नव्हते. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. भाऊसाहेब सचिवच राहिले. अशी माणसं राहतातच. माझ्या हाताखालच्या मुली आता मला विचारतात, मॅडम, एवढं करून काय साधलं? मी म्हणते, चोर सोडून संन्याशाला फाशी झाली नाही. एवढं पुरत नसेल तर तुमचं तुम्ही बघा.

तर त्या सकाळी. मी साडेसातला वही ऑफिसातून उचलून आणली आणि चाऱ्याच्या टेबलावर, कोळंबीची साल बाजूला सारून, उघडून बसले. एका ओळीत ‘एकूण त्रेचाळीस’ असं लिहिता आलं असतं. मी तसं केलं नाही. एक ओळ एका फटकाऱ्यात खोडता येते. मी प्रत्येक माशाला वेगळी ओळ दिली. चंदेरी शार्क, मोठा. चंदेरी शार्क, लहान. आणि प्रत्येकाच्या तिसऱ्या रकान्यात तेच, बारीक अक्षरात, रकान्याबाहेर समासापर्यंत जाणारं: ‘गाळणीतले दगड ब्लीचिंगने धुतल्यामुळे. धुण्याचा हुकूम सचिवांचा. तो पुढे देणारी पर्यवेक्षिका. दोघांसमोर नको म्हणणारे हिरामण म्हात्रे.’ खाली सही. पुन्हा पुढची ओळ. शेवटची मास्तरची. चार पानं भरली. सगळे कामगार एकेक करून भोवती जमले आणि कुणी कामाला गेलं नाही. मीही कुणाला जा म्हटलं नाही.

भाऊसाहेब नऊला आले. पहिलं पान वाचलं, दुसरं उलटलं, त्यावरही तेच बघितलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

‘डोकं ठिकाणावर आहे का? फाडा ही पानं.’

‘पानांवर नंबर आहेत साहेब,’ मी म्हणाले. ‘शिक्काही आहे. फाडायची तर तुम्ही फाडा, तुमच्या हाताने. मी नंतर नव्या पानावर तेही लिहीन.’

‘तुम्हाला कळतंय तुम्ही काय गमावताय?’

‘हो.’

त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. त्या दिवशी हसलेला आमचा माणूस पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. ‘ही पानं फाटलेली पाहिजेत मला दुपारपर्यंत,’ असं म्हणून भाऊसाहेब निघून गेले. दार जोरात आपटलं.

मला वाटलं आता काका काहीतरी बोलतील. आभार नव्हे, पण काहीतरी. खिशातून चष्मा काढून त्यांनी वही आपल्याकडे ओढली आणि बोट ओळीखाली ठेवून वाचायला लागले. वाचायला त्यांना वेळ लागायचा. ओठ हलत होते. एक ओळ झाली. मग तीच परत वाचली.

‘यात मी कुठं हाय?’

‘हे काय काका. नको म्हणणारे हिरामण म्हात्रे.’

‘त्ये वाचलं. आनि दगड कोनी धुतलं?’

मी पेनाला टोपण लावलं.

‘दगड काय आपले आपन उठून धुवून आले?’ ते रागावले होते. बादल्यांच्या त्या दोन दिवसांतही मी त्यांना रागावलेलं बघितलं नव्हतं. ‘बावीस वर्सं मी हितं हाय. मना ठावं व्हतं मासं जातील. तरी ह्या हातांनी धुतलं. मना पालन्यातला पोर समजता काय तुमी, उचलून बाजूला ठेवाया?’

‘काका, तुम्ही तसं लिहिलंत तर त्यांना आयतं कारण मिळेल. तुम्हाला काढतील.’

‘तुमी लिवलं तवा तुमाला कोनी इचारलं व्हतं? आना पेन.’

मी पेन दिलं. त्यांनी चष्मा नीट केला, टेबलावर कोपर टेकवलं आणि पहिल्या ओळीच्या शेवटी, समासात उरलेल्या दोन बोटं जागेत, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: धुतले हिरामण. मग दुसऱ्या ओळीच्या शेवटी. मग तिसऱ्या. मध्येच एका टाकीच्या खाण्याची वेळ झाली म्हणून दोघं जण गेले आणि खाणं देऊन परत आले. मी शेजारी उभी राहून पानं उलटून देत होते. त्रेचाळीस वेळा त्यांनी आपलं नाव लिहिलं, एकही ओळ सोडली नाही, आणि चौथ्या पानाच्या तळाशी पोचल्यावर पेन माझ्या हातात परत दिलं.

‘घे, बाय,’ ते म्हणाले. ‘आता फाडू दे त्याला.’